शंभर टक्के लोकर

त्या वेबसाइटच्या पानावर 'शंभर टक्के लोकर' असं लिहिलं होतं. मी ते वाचलं, त्यावर विश्वास ठेवला आणि मुलीसाठी किल्ट मागवला. या गोष्टीला वर्ष उलटून गेलं, तरी राग काही गेला नाही. बायको म्हणते, एका कपड्यावर माणूस इतके दिवस रागावून राहू शकतो हे तिला लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर कळलं. मी तिला अनेकदा सांगितलंय की माझा राग कपड्यावर नाही, त्या तीन शब्दांवर आहे. ते कोणीतरी खुर्चीत बसून टाइप केले होते.

किल्ट म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा तो चौकड्यांचा, मागे चुण्या असलेला, गुडघ्यापर्यंतचा पोशाख. आमच्यासारख्या घरात तो यायचं काही कारण नव्हतं. तो आला ताशामुळे. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये, आम्हा मराठी लोकांचं ढोल-ताशा पथक आहे आणि माझी मुलगी नऊ वर्षांची असल्यापासून त्यात ताशा वाजवते. एका शरद ऋतूत गावच्या मेळ्यात आमच्या पथकानंतर बॅगपाइपवाल्यांचा बँड वाजवणार होता. त्या बँडचे ड्रम शिकवणारे गृहस्थ, निवृत्त पोस्टमन, आमचं वादन संपेपर्यंत फक्त तिच्या मनगटांकडे बघत उभे होते. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ही मुलगी माझ्याकडे पाठवा."

सव्वा वर्ष ती दर मंगळवारी त्यांच्याकडे जात होती. त्या बँडमध्ये नव्या मुलांना लगेच ड्रम देत नाहीत, रबराच्या पॅडवर सराव करायला लावतात. आमच्या जेवणाच्या टेबलावर ती टकटक इतकी झाली की ती थांबली की आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. शेवटी जानेवारीत यादी लागली. मार्चमध्ये गावाच्या मिरवणुकीत ती तिसऱ्या रांगेत चालणार होती. त्या दिवशी तिनं घरी येऊन काही न बोलता फ्रीजवर ती यादी लावली. पंधरा वर्षांची मुलं आनंद असा लपवतात.

अट एकच होती. प्रत्येकाच्या अंगावर बँडच्या चौकड्यांचा लोकरी किल्ट हवा. किल्ट नाही तर चालायचं नाही. बँडचा ठरलेला शिवणारा चार महिने घेतो, हेही त्यांनी ऑक्टोबरातच कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद मी फाइलमध्ये व्यवस्थित लावला होता. मी सगळे कागद फाइलमध्ये लावतो. पण मनात विचार असा केला की पोरगी वाढतेय, आता माप दिलं तर मार्चपर्यंत आखूड होईल, थोडं थांबू. थांबता थांबता जानेवारी संपला. मग मी इंटरनेटवर शोधलं आणि ती वेबसाइट सापडली. तेच चौकडे, दोन आठवड्यांत घरपोच. पानावर डोंगर, डोंगरापुढे तळं, तळ्यापुढे एक मेंढी. आणि ते तीन शब्द. मी पानाची प्रिंट काढली, तीही फाइलमध्ये लावली.

आता मापाबद्दल. ती चूक माझी होती आणि ती मी इथेच कबूल करतो, कारण पुढे या कबुलीचं काय झालं हेच मला सांगायचं आहे.

किल्ट कमरेवर नाही, बेंबीवर बांधतात. वेबसाइटनं हे नीट लिहिलं होतं, चित्रही दिलं होतं. मी बायकोला टेप धरायला लावून मुलीचं माप तीनदा घेतलं. बेंबीचा घेर, नितंबांचा घेर, बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत लांबी. तिन्ही वेळा तेच आकडे आले. मग फॉर्म भरताना मी घेरात दोन इंच वाढवले आणि लांबीत चार.

"बाबा, व्हाय?" मुलगी मागून बघत होती.

"वाढत्या मापाचं घ्यावं," मी म्हणालो.

यावर माझ्या मनात शंकाही आली नाही. आमच्या घरी कुठलाही कपडा अंगाच्या मापाचा कधी आलाच नाही. माझी पाचवीची खाकी चड्डी मला सातवीत नीट बसली. त्या आधीची दोन वर्षं ती करगोट्यात खोचून मी नगरपालिकेच्या शाळेत गेलो, आणि वर्गातली निम्मी मुलं तशीच यायची. मापाचा कपडा म्हणजे उधळेपणा. चार इंच वाढवताना मला मी चांगला बाप असल्यासारखं वाटलं.

मिरवणुकीच्या दहा दिवस आधी, बुधवारी, खोकं आलं. मुलीनं किल्ट बांधला आणि हॉलमध्ये येऊन उभी राहिली. तो तिच्या नडगीच्या मध्यापर्यंत आला होता. घेर मागून एवढा सुटला होता की तिनं मुठीत धरून ठेवला होता.

बायको सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. ती नागपूरची, तिला शब्द शोधावे लागत नाहीत. "परकरच शिवायचा होता तर मला सांगायचं," ती म्हणाली. "माझ्या मावशीनं नाडीसकट शिवून दिला असता."

मुलगी हसली नाही. "इट्स फाइन," ती म्हणाली. "आय कॅन पिन इट. नोबडी विल नो."

मी खाली वाकून कडेला हात लावला, आणि माझा हात तिथेच थांबला. दोन बोटांमध्ये कापड चोळलं. ते घसरत होतं. चुणी उलगडून आतल्या बाजूनं बघितलं. काहीतरी बरोबर नव्हतं, पण नेमकं काय ते मला सांगता येईना. मला सांगता येत नसेल तर ते कोणाला सांगता येईल हे मला माहीत होतं. आमच्याकडे रात्र पडते तेव्हा इचलकरंजीत सकाळ झालेली असते. मी आबांना व्हिडिओ कॉल लावला.

इचलकरंजीत घरोघरी यंत्रमाग चालतात. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, एका व्यापाऱ्याच्या गोडाऊनमध्ये कापड तपासायचे. तागा टेबलावर उलगडत जायचा आणि दोष दिसेल तिथे खडूची खूण करायची. आई त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मेंडिंग करायची. म्हणजे जिथे धागा तुटलाय तिथे सुईनं तो परत भरायचा, असा की बोट फिरवलं तरी कळू नये. आबांना अक्षरओळख नव्हती. सुताची पोती आली की ते मला हाक मारायचे. "वाच रं, काय लिवलंय." पाचवीत इंग्रजी सुरू झालं तसं मी पोत्यावरचे शब्द जुळवून वाचायचो, शंभर टक्के कॉटन. आबा मान हलवायचे, पोत्यातून बोटभर सूत ओढायचे आणि काडी ओढून पेटवायचे. सूत कागदासारखं जळून राख झालं तर कापूस. टोकाला कडक मणी राहिला तर त्यात दुसरं काहीतरी आहे.

एकदा मला राग आला. "आबा, लिवलंय की त्यावर. मी वाचून दाखवलं की. मग जाळतासा कशाला?"

"लिवलंय ते तुला," आबा म्हणाले. "मला सूत बघू दे."

मला ते लागलं. मी मनात असं ठरवून टाकलं की ज्यांना वाचता येत नाही त्यांनाच जाळून बघावं लागतं. आपण शिकू, आपल्याला काड्या लागणार नाहीत. पुढे शाळेतल्या मास्तरांनी स्वतःच्या खिशातून माझा फॉर्म भरला, सरकारी वसतिगृहानं जेवू घातलं, शिष्यवृत्तीनं इंजिनिअर केलं. घरातला पहिला पदवीधर मी. या सगळ्यांचे उपकार मी विसरलेलो नाही आणि या देशाचेही नाही. इथे मी आलो तेव्हा मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच होती की दुधाच्या बाटलीवर, औषधावर, शर्टाच्या कॉलरमागे, सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि लिहिलं तसं आत असतं. मी दुकानात उभा राहून लेबलं वाचायचो. अजून वाचतो.

फोनवर आबांचा चेहरा आला, म्हणजे अर्धं कपाळ आणि छताचा पंखा. मागांच्या आवाजानं त्यांचे कान गेलेत, त्यामुळे आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात.

"हे काय, परकर हाय का?"

"न्हाई आबा. किल्ट. स्कॉटलंडची माणसं घालतात."

"बाप्ये?"

"होय. पोरी पण घालतात. बँडमध्ये."

"किती लांब असतंय?"

"गुडघ्यापर्यंत."

"मग ह्ये एवढं खाली का आलंय?"

"वाढत्या मापाचं घेतलं."

"बरोबर केलंस," आबा म्हणाले. बायकोनं उशीत तोंड खुपसलं.

मग ते पडद्याजवळ आले. फक्त एक डोळा दिसू लागला. "काठ दाखव." मी खालची कड कॅमेऱ्यासमोर धरली. "ह्यो मागावरचा काठ न्हाई. दुमडून शिलाई मारलीय. रुंद पन्ह्याचं कापड आडवं कापलंय. काय म्हणून विकलंय?"

"लोकर. शंभर टक्के."

 आबा म्हणाले, "सूत काढून जाळ. आन् शेजारी तुझा एक केस जाळ. लोकर म्हंजे केसच. दोन्हीचा वास सारखा आला पायजे."

"माझा केस नको हं घेऊ," बायको म्हणाली. "तुझेच घे. नाही तरी किती राहिलेत."

आम्ही मागच्या डेकवर गेलो. पाइनच्या परागांनी रेलिंग पिवळं झालं होतं. बायकोनं देवाजवळची काडेपेटी आणून दिली आणि मुलीनं आबांना दिसेल असा फोन धरला. चुणीच्या अगदी आतून, शिलाईत राहिलेला सुटा धागा मी कात्रीनं कापून घेतला. आधी माझा केस जाळला. वास आला, कुठल्याही घरात कधी ना कधी आलेला. मग धागा पेटवला. तो जळला नाही, आक्रसला, वितळला आणि त्याच्या टोकाला एक काळा मणी लोंबू लागला. वास प्लास्टिकची पिशवी चुलीत पडल्यावर येतो तसा. मी मणी नखानं दाबला. कडक.

"मणी झाला?" आबांनी ओरडून विचारलं.

"झाला."

"मग परत कर जा," आबा म्हणाले आणि फोन बंद केला. त्यांच्या लेखी विषय संपला होता. वाईट तागा परत जातो, चांगला पुढे जातो. चाळीस वर्षं त्यांनी तेच बघितलं होतं.

मी कंप्यूटर उघडला. परत करण्याच्या फॉर्ममध्ये कारणांची यादी होती आणि त्यातलं एक निवडायचं होतं. माप चुकीचं आलं. वस्तू वेगळी आली. विचार बदलला. शेवटी, अन्य.

"जस्ट क्लिक राँग साइझ, बाबा," मुलगी म्हणाली. "एव्हरीबडी डझ दॅट. दे टेक इट बॅक."

"माप त्यांनी चुकीचं नाही पाठवलं. मीच चुकीचं सांगितलं."

"अरे, त्यांनी एवढं मोठं खोटं लिहिलं," बायको म्हणाली. "तू एक टिचकी मार. सुटेल पोरगी."

"त्यांनी खोटं लिहिलं म्हणून तर," मी म्हणालो. मी 'अन्य' निवडलं आणि अकरा ओळी लिहिल्या. पहिलं वाक्य असं होतं की मापाची चूक माझी आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसरं असं की कापडाची चूक तुमची आहे. पुढे काठ, शिलाई, केस, धागा, मणी, सगळं क्रमानं. मण्याचा फोटो जोडला. ऑफिसमध्ये मी सॉफ्टवेअरमधले दोष शोधतो आणि त्यांची अशीच नोंद करतो. माझ्या नोंदींचं तिथे कौतुक होतं.

शुक्रवारी उत्तर आलं. मापाची चूक आपली असल्याचं कबूल केल्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले होते. ग्राहकाच्या चुकीमुळे आलेली वस्तू परत घेता येत नाही, असं खाली लिहिलं होतं. कापडाबद्दल एक अक्षर नव्हतं.

मी ते उत्तर दोनदा वाचलं. मुलीनंही माझ्या खांद्यावरून वाचलं. 

मी परत लिहिलं. या वेळी फक्त कापडाबद्दल. सोमवारी उत्तर आलं. आमची नाराजी ते समजू शकत होते. पण वस्तूतला धागा कापून जाळल्याचं आम्हीच कळवलेलं असल्यामुळे वस्तूची मोडतोड झालेली आहे, असं ते म्हणत होते. म्हणजे जाळल्याशिवाय सिद्ध करता येत नाही आणि जाळलं की तक्रार करता येत नाही. आबांच्या गोडाऊनमध्ये कोणी असं बोललं असतं तर टेबलाच्या दोन्ही टोकांना हसू फुटलं असतं.

मंगळवारी मी तिसऱ्यांदा लिहिलं आणि त्या पानाचा पत्ता जोडण्यासाठी ते उघडलं. डोंगर होता, तळं होतं, मेंढी होती. शब्द बदलले होते. 'शंभर टक्के लोकर' च्या जागी आता 'लोकरीचा खरा स्पर्श' असं लिहिलं होतं. मी फाइल काढली, प्रिंट टेबलावर ठेवली आणि शेजारी पडदा. तीच मेंढी दोन्हीकडून माझ्याकडे बघत होती. मी प्रिंट स्कॅन करून पाठवली.

बुधवारी त्यांचं शेवटचं उत्तर आलं. दोन ओळींचं. वर्णनात वेळोवेळी सुधारणा होऊ शकतात. कृपया खरेदीआधी पानावरचं वर्णन नीट वाचावं.

नीट वाचावं. मला. त्या एका ओळीनं मी खुर्चीतून उठलो आणि दारापर्यंत जाऊन परत आलो. फसवणूक इथे काय, कुठेही होते, तेवढं मला कळतं. पण ज्या माणसाच्या घरात त्याच्या आधी कोणाला वाचता येत नव्हतं, ज्याला वाचता यावं म्हणून आई-बाप उभं आयुष्य टेबलाशी वाकले, ज्यानं प्रत्येक शब्द वाचला आणि प्रिंटही काढून ठेवली, त्याला हे वाचायला सांगत होते. आणि लहानपणी वडिलांच्या काडीवर रागावणारा जो मुलगा होता, त्याची तर मला त्या दिवशी लाज वाटली. आबांना तेव्हाच माहीत होतं की लिहिणारा कोणी तरी माणूसच असतो.

गुरुवारी संध्याकाळी बँडची पोशाख-तपासणी होती. पोशाखाचं सगळं एक सत्तरीच्या बाई बघतात. त्यांनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की मला नावानं हाक मारा, आणि मी "येस, मॅडम" म्हणालो होतो. अजूनही म्हणतो. कम्युनिटी सेंटरच्या मागच्या खोलीत त्यांनी एकेका मुलाला जमिनीवर गुडघे टेकून बसायला सांगितलं. पाठ ताठ. किल्टची कड जमिनीला जेमतेम टेकली पाहिजे. माझी मुलगी बसली तेव्हा कापड तिच्याभोवती जमिनीवर पसरलं. बाईंनी तिला उठवलं, कमरेत वळायला सांगितलं. चुण्या फाकल्या आणि फाकलेल्याच राहिल्या. बाकीच्या मुलांच्या चुण्या वळल्यावर परत जागच्या जागी येऊन मिटत होत्या, वही मिटावी तशा.

"हा कुठून घेतला?" बाईंनी विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं. सगळं सांगायचं होतं, अकरा ओळींपासून. पण मुलगीच बोलली.

"इट्स नॉट वूल," ती म्हणाली. "वी बर्न्ड अ थ्रेड. माय ग्रँडफादर टोल्ड अस हाउ."

नोबडी विल नो म्हणणारी हीच. मी तिच्याकडे बघितलं. ती खाली बघत होती.

बाईंनी कड बोटांत चोळली आणि मान हलवली. "लांबी कमी करता आली असती," त्या म्हणाल्या. "खरा असता तर करता आली नसती, खऱ्याला खाली काठ असतो, तो कापत नाहीत. याची कमी करता येते, कारण हा खरा नाही. पण चालताना बारा किल्ट एकसारखे हलतील आणि हा एक वेगळा. मला ते चालणार नाही."

"सो आय डोन्ट मार्च?"

 बाईंनी कपाट उघडून खालच्या खणातून एक पेटी काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. आत एकच किल्ट होता, तीसेक वर्षांपूर्वी बँड सोडून गेलेल्या कोणा मुलाचा. घेर पट्ट्या सरकवून जमण्यासारखा, लांबी बरोबर. "हा मी कोणाला देत नाही," त्या म्हणाल्या आणि पुढची बाजू उजेडात धरली. बरोबर मध्यभागी, लाल पट्टीवर, कसरीनं खाल्लेलं मसुराएवढं भोक होतं. "पूर्वी मी भरलं असतं. आता डोळे साथ देत नाहीत. परवा मिरवणूक आहे."

"मी भरतो, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. "तुम्हाला येतं?"

"माझी आई हेच काम करायची."

"ही विल वाँट टु बर्न इट फर्स्ट," मुलगी म्हणाली.

बाई हसल्या आणि म्हणाल्या, खुशाल जाळा.

शुक्रवारी मी रजा टाकली. सकाळी ऊन येतं त्या खिडकीशी खुर्ची ओढली. किल्टच्या आतल्या घडीतून, जिथे कोणी कधी बघणार नाही, तिथून लाल आणि हिरवे धागे ओढून काढले. एक जाळला. वास माझ्या केसासारखा आला आणि टोकाला राहिलेली राख बोटात चुरली गेली. शाळेतून मुलगी परत येईपर्यंत मी ते मसुराएवढं भोक भरत होतो. आईच्या सुईखाली ते अर्ध्या तासात झालं असतं. धागा दोन खालून, दोन वरून न्यायचा, कारण हे कापड तिरकं विणलेलं, इचलकरंजीच्या साध्या विणीसारखं नाही. दोनदा उसवलं. मुलगी आली, बॅग टाकून शेजारी जमिनीवर बसली आणि काम बघत राहिली. संपल्यावर मी तिला बोट फिरवायला सांगितलं.

"कळतंय," ती मराठीत म्हणाली.

"आजी असती तर कळलं नसतं."

"चालताना नाही कळणार."

तिनं किल्ट बांधला आणि हॉलमध्ये स्वतःच गुडघे टेकून बसली. कड जमिनीला टेकली, जेमतेम. मला आतून असं वाटत होतं की तो आखूड झाला. दोन बोटं तरी खाली हवा होता.

शनिवारी आम्ही रस्त्याच्या कडेला फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून बसलो. बॅगपाइप आधी ऐकू आले, मग बँड वळणावरून आला. बायको तोंड बघत होती, फोटो काढत होती. मी किल्टच्या कडा बघत होतो. तेरा कडा, एका रेषेत, एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे. तिसऱ्या रांगेतली ती कुठली हे तोंड बघितल्याशिवाय मला ओळखता आलं नाही. मनात आलं की हे त्या मेंढीवाल्यांना कोणी दाखवलं पाहिजे.

त्यांनी किल्ट परत घेतला नाही. मी लिहिलेला अभिप्राय त्यांच्या पानावर दोन दिवस दिसला, मग दिसेनासा झाला. परत लिहिला, परत गेला. बाईंनी तो किल्ट माझ्याकडून मागून घेतला आणि आता दर ऑगस्टमध्ये नव्या मुलांच्या नावनोंदणीच्या संध्याकाळी त्या मला एक टेबल देतात. टेबलावर खोटा किल्ट, जुना खरा किल्ट, माझी प्रिंट, एक ॲल्युमिनियमची ताटली आणि काडेपेटी. आई-वडील येतात, मी त्यांच्यासमोर एकेक धागा जाळतो. खोट्या किल्टच्या चुणीतून आता बरेच धागे गेलेत. मुलगी शेजारी उभी राहून सांगते, कारण मी बोलायला लागलो की लांबतं.

यंदाच्या ऑगस्टला एक तेलुगू गृहस्थ आले होते, बारा वर्षांच्या मुलाला घेऊन. सगळं लक्ष देऊन ऐकलं, मणी नखानं दाबून बघितला. मग फोन काढून मला एक पान दाखवलं. डोंगर, तळं, मेंढी. वेबसाइटचं नाव वेगळं होतं. वर ठळक अक्षरांत तेच तीन शब्द.

"हे चांगलं आहे ना?" त्यांनी विचारलं. "लिहिलंय त्यांनी."

माझ्या हातातली काडी विझली. मी दुसरी पेटवेपर्यंत मुलीनं त्यांना बँडच्या शिवणाऱ्याचा फॉर्म दिला आणि माप कसं घ्यायचं ते सांगितलं. बेंबीवर, सरळ उभं राहून, तीनदा.

"मुलगा वाढतोय," ते म्हणाले. "दोन इंच जास्त लिहू का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी ताटलीतली राख झटकत होतो.